लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप? आधी भिंतीवरचा बोर्ड बघा

सीईटीची रँक हातात आली, कॉलेजात सीट पक्की झाली की घरात विषय निघतो तो कॉम्प्युटरचा. मुलाला लॅपटॉपच हवा असतो. वडिलांचं म्हणणं असतं, तेवढ्याच पैशात सगळ्यांना वापरता येईल असा डेस्कटॉप येतो की! आणि मोबाईलवर व्हिडिओत बोलणारा कुणीतरी प्रोसेसरचे आकडे सांगून दोघांनाही गोंधळात टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बिघडलेली मशिनं उघडून बघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला विचाराल, तर सुरुवात प्रोसेसरपासून करूच नये. मशीन कुठल्या खोलीत बसणार, तिथल्या बोर्डाला अर्थिंग आहे का, लाईट किती वेळा जाते आणि हवेत धूळ कसली आहे, एवढं कळलं की निम्मा निर्णय झाला म्हणून समजा.

पहिली पायरी: आठवडाभर वही ठेवा

दुकानात जायच्या आधी एक आठवडा नुसतं लिहून ठेवा: कॉम्प्युटर लागेल असं काम कधी निघालं, कुणाला लागलं आणि त्या वेळी तो माणूस कुठे बसला होता. ‘काय काम करणार’ याचं उत्तर सगळे तोंडपाठ देतात, ‘कुठे बसून करणार’ याचा विचार फारसा कुणी करत नाही.

वहीत रोज एकच जागा आली, म्हणजे दुकानाचा गल्ला, वर्कशॉपची केबिन किंवा घरातली एकच खोली, तर डेस्कटॉपचा विचार करा. जागा बदलत राहिली तर लॅपटॉप. पुण्याला किंवा बेंगळुरूला हॉस्टेलवर जाणाऱ्या पोरापोरींनी वही ठेवायची गरज नाही, त्यांना लॅपटॉपच लागणार.

खरी अडचण मधल्यांची होते. खानापूरहून किंवा संकेश्वरहून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या मुलीने लॅपटॉप कॉलेजला न्यायचा की नाही? बऱ्याच कॉलेजांत लॅबमध्ये मशिनं असतात, प्रॅक्टिकल तिथेच होतं. मग लॅपटॉप वर्षातून चार-दोनदा, प्रोजेक्टच्या वेळी न्यायचा असेल, तर रोज बसमध्ये उभं राहून पाठीवर अडीच किलो कशाला वाहायचे? कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणारी ‘शक्ती’ योजना आल्यापासून सकाळच्या बसला गर्दी कशी असते ते वेगळं सांगायला नको. त्या रेटारेटीत सॅकवर दाब आला की लॅपटॉपचा स्क्रीन आतून तडकतो. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही आणि चालू केल्यावर कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलेला असतो. तो वॉरंटीत बसत नाही. न्यावाच लागत असेल तर दीड किलोच्या आतला घ्या आणि सॅकमध्ये पाठीकडच्या कप्प्यात ठेवा, त्याच्या पुढ्यात डबा किंवा बाटली नको.

घरात दोन-तीन भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट बघा. लॅपटॉप हा ज्याच्या नावाने घेतला त्याचाच होऊन बसतो. डेस्कटॉप घराचा राहतो.

दुसरी पायरी: बोर्ड तपासा

या पायरीला एक वायरमन आणि अर्धा तास लागतो. मल्टिमीटर नीट हाताळता येत नसेल तर स्वतः बोर्डात हात घालू नका. वायरमनला तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच. आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर नको. फेज-अर्थमध्ये आकडा कमी दिसला किंवा नाचत राहिला, तर तिसऱ्या भोकात वायर आहे, पण जमिनीशी तिचा संबंध नाही असं समजायचं.

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या जुन्या घरांत आणि खेड्यांतल्या कौलारू घरांत हे सर्रास सापडतं. अर्थिंगचा खड्डा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मारलेला, त्यात नंतर कुणी मीठ-कोळसा घातला नाही, पाणी ओतलं नाही. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. अशा घरात डेस्कटॉपच्या लोखंडी कॅबिनेटला हात लागला की चुणचुण होते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट अर्थकडे सोडत असतात. अर्थच नसेल तर तो करंट पत्र्यावर बसून राहतो. घरातले लोक म्हणतात, ‘जरा झिणझिणतंय, बाकी काय नाही.’ पण त्याच अवस्थेत यूएसबीला पेनड्राईव्ह लावला, प्रिंटर जोडला की एखाद्या दिवशी पोर्ट जातं, नाहीतर अख्खा मदरबोर्ड. अर्थिंग दुरुस्त करायला जो खर्च येतो तो एका मदरबोर्डपेक्षा बराच कमी असतो. भाड्याचं घर आहे, मालक खड्डा मारू देत नाही? मग लॅपटॉप घ्या. तोही चार्जिंगला लावून वापरताना थोडा चावू शकतो, पण अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवायची सोय त्याला आहे.

आता लाईट जाण्याचं. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, देखभालीचं शटडाऊन आदल्या दिवशी पेपरात येतं, त्याचं काही नाही. त्रास होतो तो वळिवात आणि पावसाळ्यात. जांबोटी-कणकुंबीकडे झाड तारेवर पडलं की दिवसच्या दिवस लाईट नसते. शेतीपंपाच्या वेळेला काही गावांत व्होल्टेज बरंच खाली येतं. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही खातो, त्यामुळे त्याला याचं सोयरसुतक नसतं. डेस्कटॉपचा स्वस्तातला एसएमपीएस मात्र लगेच कुरकुरायला लागतो.

डेस्कटॉप घेणार असाल तर ६०० व्हीएचा यूपीएस धरूनच हिशेब करा. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची एक छोटी बॅटरी असते. साधा ऑफिसचा संच १०० वॉट ओढत असेल तर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ती काम सेव्ह करून बंद करण्यासाठी असतात, जनरल नॉलेजची टेस्ट पुरी करण्यासाठी नाहीत. दोन-तीन वर्षांनी ती बॅटरी बदलावी लागते.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला एक बटण शोधा. बऱ्याच कंपन्यांच्या मॉडेलवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. बटण नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो. यूपीएसवर टाकलं की तो बदल इतका झटपट होतो की मशीनला कळतही नाही. कित्येकांच्या घरी हे बटण इन्व्हर्टर बसवल्यापासून कुणी हलवलेलं नसतं आणि मालक वेगळा यूपीएस आणायला निघालेला असतो. तेवढं एकदा बघून घ्या.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. तुमची बॅटरी चार तास चालेल, पण लाईट गेल्यावर वाय-फायचा राउटर पहिल्या सेकंदाला बंद होतो. ऑनलाइन मुलाखत किंवा परीक्षा असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. आणि वळिवाचे ढग दाटले की राउटरचा प्लग आणि मशीनला जोडलेली लॅनची वायर, दोन्ही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून आणि तिथून लॅनच्या तांब्यातून येते. एप्रिल-मेमध्ये लॅन पोर्ट जळलेली मशिनं हमखास येतात.

तिसरी पायरी: तुमच्याकडची धूळ कुठली?

मुंबई-पुण्याचे सल्ले आपल्याकडे अपुरे पडतात ते इथे. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागाशेजारी सुताचे तंतू उडत असतात. ते पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीन शॉपच्या हवेत लोखंडाची पूड असते, ती सर्किटवर बसली आणि तिला ओल लागली की शॉर्ट होतं. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीला लागून घर असेल तर ती बारीक तपकिरी धूळ कीबोर्डच्या आत पोचते. खानापूरच्या पश्चिमेला धूळ कमी, पण ओल आणि मुंग्या. एसएमपीएसच्या उबेला मुंग्यांनी अंडी घातलेली बघितली की बघतच राहावं!

डेस्कटॉपचं कॅबिनेट दोन स्क्रू काढले की उघडतं. महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, पंखा फिरू नये म्हणून त्यात काडी धरा, झालं. मशीन चालू होऊन नुसतं बीप-बीप करत असेल, तर प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा. पावसाळ्यात अर्ध्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. लॅपटॉप उघडायचा म्हणजे दहा-बारा बारीक स्क्रू आणि प्लास्टिकच्या खुंट्या, ते काम जाणत्याकडेच द्यावं लागतं. वर लॅपटॉप हवा घेतो खालून. वाकळेवर, गादीवर ठेवला की श्वास कोंडतो, तापतो, आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग ‘लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून लोक रॅम वाढवायला येतात.

म्हणून माझं सरळ मत: माग, फाउंड्री, वखार, पिठाची गिरण यांच्या लगत बसणारं मशीन असेल तर डेस्कटॉप घ्या. जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा फूटभर उंच फळीवर ठेवा.

चौथी पायरी: काम आणि मशीन जुळवा

टायपिंग, टॅली, ऑनलाइन अर्ज, उतारे काढणं, अभ्यास, ब्राउझिंग: याला दोन्ही चालतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारं वेगवान स्टोरेज) असली की पुरे. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना पहिल्या वर्षी सी आणि पायथनसाठी हेच चालतं, पण पुढे अँड्रॉइड स्टुडिओ आलं की ८ जीबी रडतं. चार वर्षांसाठी घेताय तर १६ धरा.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांनी मॅकबुकच्या मोहात पडू नये. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. टॅलीचंही तेच.

उद्यमबागेतल्या सीएनसीवाल्यांची, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशिनं असणाऱ्यांची, गोष्ट वेगळी आहे. मशीनच्या जुन्या कंट्रोलला प्रोग्रॅम पाठवायला आरएस-२३२ची, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टची, वायर लागते. डेस्कटॉप केबिनमधल्या एका बोर्डावर, सीएनसी वर्कशॉपमधल्या दुसऱ्या लाईनवर, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये काही व्होल्टांचा फरक. वायर जोडली की तो फरक नेमका पोर्टमधून वाट काढतो आणि कंट्रोलचं कार्ड जातं. ते कार्ड कॉम्प्युटरपेक्षा महाग असू शकतं. इथे जुना लॅपटॉप, यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर, आणि अडॅप्टर काढून बॅटरीवर प्रोग्रॅम पाठवणं हा सुरक्षित मार्ग. डिझाइनचं काम मात्र केबिनमध्ये डेस्कटॉपवरच करा, मोठ्या मॉनिटरवर. म्हणजे वर्कशॉपला दोन्ही लागतात, आणि लॅपटॉप सेकंडहँड असला तरी चालतो. फक्त त्याची बॅटरी धड हवी.

डीटीपीवाल्यांना लॅपटॉप सुचवायला माझी जीभ वळत नाही. लग्नपत्रिका मराठीत, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, शाळेचं पत्रक दोन्हींत. दिवसभर टाइप करायचं म्हणजे पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि २४ इंची मॉनिटर हवाच. मशीन घेतल्यावर विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड हे दोन्ही कीबोर्ड जोडून घ्या. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीची गंमत अशी की दोन्ही लिप्यांची अक्षरं बहुतेक त्याच कळांवर आहेत. ज्या कळेवर क, तिच्यावरच ಕ उमटतं. एकदा बोटं बसली की विंडोज कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलायची, हात तसेच चालू. कन्नडसाठी ‘नुडी’ किंवा मराठीसाठी जुने फाँट वापरत असाल, तर ते नव्या विंडोजवर चालतात का हे दुकानातच पेनड्राईव्हवर नेऊन बघा. त्यांचा लॉक (यूएसबीला लावायचं डोंगल) असेल तर तोही न्या.

मधला एक मार्ग हल्ली पुष्कळांना पटतोय: मिनी पीसी. हातात मावेल एवढी डबी, मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसते, लॅपटॉपसारखा अडॅप्टर, वीज लॅपटॉपएवढीच. बिलिंग आणि ऑनलाइन सेवांच्या दुकानाला झकास. पण ग्राफिक्सचं काम सांगू नका तिला.

पाचवी पायरी: पुरता खर्च मांडा

जाहिरातीत डेस्कटॉप स्वस्त दिसतो तो कॅबिनेटपुरता. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस, स्पीकर आणि वेबकॅम मिळवा. अनेक मदरबोर्डांना वाय-फाय नसतं, ते यूएसबीचं वेगळं घ्यावं लागतं आणि घरी आल्यावरच आठवतं. लॅपटॉपच्या बाजूला तीन-चार वर्षांनी नवी बॅटरी लिहा. रोज घरी बसून वापरणार असाल तर वेगळा कीबोर्ड आणि स्टँडही लिहा; मान वाकवून चार वर्षं काढण्यापेक्षा ते परवडतं.

विजेचं गणित सोपं आहे. १०० वॉटचा डेस्कटॉप संच रोज आठ तास चालला तर महिन्याला २४ युनिट. लॅपटॉप ३० वॉट धरला तर सात. फरक सतरा युनिटचा. सहा रुपये युनिट धरलं तर महिन्याला शंभर रुपये, यासाठी कुणी निर्णय फिरवू नये. पण तुमचं घर कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत असेल आणि महिन्याचा वापर १९०च्या आसपास घुटमळत असेल, तर हेच सतरा युनिट तुम्हाला २००च्या पलीकडे ढकलतील आणि त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागेल. गेल्या वर्षभराची बिलं काढून बघा.

सहावी पायरी: आकडे वाचा, पण एवढेच

‘आय५’ हे नाव लॅपटॉपवरही असतं आणि डेस्कटॉपवरही, काम मात्र सारखं नसतं. डेस्कटॉपचा आय५ १२४०० हा सहा मोठ्या कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आणि ६५ वॉटचा. त्याच पिढीचा लॅपटॉपमधला आय५ १२३५यू दोन मोठ्या आणि आठ छोट्या कोअरचा, १५ वॉटचा. नंबरच्या शेवटी ‘यू’ म्हणजे बॅटरी वाचवणारा, ‘एच’ म्हणजे ताकदीचा पण तापणारा.

लॅपटॉपची रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे की जादा खाच आहे, हे विचाराच. चिकटवलेली असेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या, नंतर वाढवता येणार नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी बऱ्याच महागल्या आहेत, त्यामुळे ‘नंतर बघू’ हे डेस्कटॉपलाही पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही.

सातवी पायरी: कुठून घ्यायचं

कोल्हापूर जवळ, पुण्यात नातेवाईक, मग तिकडून आणायचा विचार होतोच. घरगुती वापराला हरकत नाही. कंपनीची वॉरंटी देशभर चालते. धंद्यासाठी घेताना मात्र बिल बघा. तुमचा जीएसटी नंबर कर्नाटकातला आणि बिलावर महाराष्ट्राचे सीजीएसटी-एसजीएसटी लागले असतील, तर त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. त्यासाठी आयजीएसटीचं, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचं, बिल हवं. आधी आपल्या अकाउंटंटशी बोला आणि मगच बस पकडा.

वॉरंटी ‘ऑनसाइट’ असेल तर तुमचा पिनकोड त्यात बसतो का हे कंपनीच्या साइटवर तपासा. बेळगाव शहर बसतं म्हणून तालुक्यातलं गाव बसेलच असं नाही. डेस्कटॉप गल्लीतल्या माणसाकडून जोडून घेतला तर प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बिलावर प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून घ्या. ‘असू दे की, आपलाच माणूस आहे’ म्हणून कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या मशीनला नंतर कुणी वाली राहत नाही.

कंपन्यांतून निघालेली सेकंडहँड मशिनं चांगली असू शकतात, पण एक अट आहे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५पासून मोफत नियमित आधार नाही, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. चौथ्या-सहाव्या पिढीचा ‘आय७’ कितीही स्वस्तात दिला तरी बँकेच्या कामाला घेऊ नका. जुगाडाने विंडोज ११ टाकून देतात, पण पुढे अपडेट येईलच याची खात्री नाही.

आठवी पायरी: पहिले सात दिवस

ऑनलाइन मागवलं असेल तर खोका उघडताना व्हिडिओ काढा, सील आणि सीरियल नंबर दिसू द्या. पहिल्या संध्याकाळी पांढरं, काळं, लाल असं पूर्ण पान उघडून स्क्रीनवर मेलेले ठिपके शोधा. सगळी यूएसबी पोर्टं, कॅमेरा, माइक तपासा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून अडॅप्टर काढा आणि किती तास चालतो ते लिहून ठेवा; मग सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. पुढे कधी टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असं समजा. त्या दिवसापासून चार्ज करू नका, टोचू नका, थेट दुरुस्तीला आणा.

डेस्कटॉपवाल्यांनी काम सेव्ह करून, मशीन चालू असतानाच यूपीएसचा भिंतीवरचा स्विच मुद्दाम बंद करावा. बंद पडलं तर यूपीएस बदलून घ्यायचे दिवस हेच.